आंबा-बागायतदाराचे संकेतस्थळ : एका लेखनप्रकाराची समीक्षा

१

ज्या लेखनाचा कर्ता स्वतःस लेखक म्हणवीत नाही आणि ज्याचा वाचक आपण काही वाचीत आहोत असे मानीत नाही, अशा लेखनाकडे समीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. दुकानावरची पाटी, दरपत्रक, पावतीमागील अटी, वर्तमानपत्रातील चार ओळींची जाहिरात, हे सारे लेखनच होय; तथापि त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा व्यापाराच्या अंगाने होते, भाषेच्या अंगाने होत नाही. लहान व्यवसायाचे संकेतस्थळ याच कुळातले आहे. ते कसे बांधावे, कोठे ठेवावे, त्याची प्रसिद्धी कशी करावी, या प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञ देतात आणि ती त्यांनीच द्यावयाची असतात. परंतु बांधून झालेल्या स्थळावर ग्राहक जे पाहतो त्यातील विश्वास ठेवावयाजोगा भाग शब्दांचा असतो. म्हणून या लेखनाची परीक्षा लेखन म्हणूनही झाली पाहिजे.

ही परीक्षा सर्वच व्यवसायांच्या बाबतीत एकदम करू गेल्यास विधाने मोघम होण्याचा संभव आहे. म्हणून येथे एकच उदाहरण घेतले आहे : कोकणातील हापूस आंबा थेट ग्राहकाला विकणाऱ्या बागायतदाराचे संकेतस्थळ. हे उदाहरण निवडण्यास सबळ कारण आहे. बाजारात आंबा घेणारा मनुष्य तो हातात घेतो, देठाजवळ वास घेतो, साल किंचित दाबून पाहतो आणि मग भाव विचारतो. संकेतस्थळावर यांतील काहीच शक्य नाही. नाक आणि बोटे यांनी करावयाचे काम तेथे एकट्या भाषेवर येऊन पडते. शिवाय कर्नाटकातून येणारा, दिसावयास हापूससारखा आंबा कोकणाच्या नावावर खपविला जातो, ही तक्रार जुनी आहे. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते नावाच्या या गैरवापरास आळा बसावा म्हणूनच. तेव्हा येथे भाषेचा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. खऱ्या बागायतदाराचे म्हणणे आणि तोतयाचे म्हणणे यांत वाचकाला भेद करता येतो की नाही, असा तो प्रश्न आहे.

२

अशा संकेतस्थळांवरील गद्याचा साचा ठरलेला असतो. ‘आम्ही आपल्या ग्राहकांना सर्वोत्तम दर्जाचे अस्सल हापूस आंबे पुरविण्यास कटिबद्ध आहोत’. ‘आंब्यांची निवड करताना विशेष काळजी घेतली जाते’. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. ही वाक्ये कोणा एकाची नाहीत, आणि त्यांचा मुख्य दोष हाच आहे. त्यांतील ‘हापूस आंबे’ हे शब्द काढून ‘सौर कंदील’ किंवा ‘प्लॅस्टिकचे नळ’ घातले तरी वाक्य तसेच उभे राहते. ज्या वाक्यातील कर्म बदलले असता बाकीच्या वाक्याला धक्का लागत नाही, ते वाक्य त्या कर्माविषयी काही सांगत नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

त्यांच्या व्याकरणाकडे पाहिले असता तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली गोष्ट कर्त्याची. ‘काळजी घेतली जाते’ या रचनेत काळजी घेणारा कोणीच नाही. मराठीत ‘जाणे’ या सहायक क्रियापदाने साधलेला कर्मणी प्रयोग शासकीय व वृत्तपत्रीय गद्यात रुळला आहे; परंतु माल विकणारा मनुष्य समोरासमोर असे बोलत नाही. तो ‘आम्ही झेल्याने काढतो, देठ ठेवून काढतो’ असे म्हणतो. दुसरी गोष्ट काळाची. ‘निवडले जातात’, ‘पिकविले जातात’ ही रीतिवर्तमानाची रूपे आहेत. रीतिवर्तमान नेहमीची चाल सांगतो. एखाद्या दिवशी एखाद्या पेटीच्या बाबतीत काय घडले हे तो सांगत नाही, म्हणून एका पेटीवरून त्याला खोटे पाडता येत नाही. ‘या पेटीतील आंबा ४ एप्रिलच्या सकाळी काढला’ हे भूतकाळी वाक्य मात्र खरे असते किंवा खोटे असते. त्याला तिसरी वाट नाही. तिसरी गोष्ट विशेषणांची. अस्सल, शुद्ध, सर्वोत्तम, नैसर्गिक ही विशेषणे ज्याला लागू पडत नाहीत तोही तीच वापरतो. किंबहुना त्याला त्यांची गरज अधिक असते.

याच्या उलट, बागेतील बोलीकडे पाहावे. आंबा केव्हा काढावा हे सांगताना कोकणात ‘चौदा आणे तयार’ असे म्हणतात. रुपयाचे सोळा आणे ही पद्धत १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाण्यांनी मागे पडली. परंतु फळाची पक्वता मोजण्यासाठी आणा तसाच राहिला, आणि कृषि-मार्गदर्शनातही पंच्याऐंशी टक्के पक्वतेला ‘चौदा आणे’ हाच शब्द योजला जातो. ‘साका’ या शब्दाचेही तसेच. हापूसच्या गरात आतल्या आत पांढरट, पोकळसर व आंबट भाग तयार होतो, त्याला साका म्हणतात. तो बाहेरून दिसत नाही. ‘अढी’ म्हणजे भाताच्या पेंढ्यात थर लावून आंबा पिकत घालण्याची रीत. ‘तोड’ म्हणजे फळे उतरविण्याची एक खेप. ‘झेला’ म्हणजे टोकाशी जाळी बांधलेली काठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ तयार केला, तो देठासह फळ काढता यावे म्हणून. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही व फळ डागाळत नाही.

हे शब्द बोलीतले आहेत म्हणून संकेतस्थळावर यावेत, असे येथे म्हणावयाचे नाही. बोलीविषयीचा जिव्हाळा ही वेगळी गोष्ट आहे. यांतील प्रत्येक शब्द एका क्रियेशी, एका वेळेशी व एका परिणामाशी बांधलेला आहे, आणि म्हणून त्याने केलेले विधान ग्राहकाला पडताळून पाहता येते, हे महत्त्वाचे. ‘देठ ठेवून काढला आहे’ असे लिहिले की पेटी उघडताच देठ दिसतो किंवा दिसत नाही. ‘साका निघाल्यास छायाचित्र पाठवावे, ते फळ भरून देऊ’ असे लिहिले की विकणारा बांधला जातो. ‘पेटी’ हा शब्दही याच कसोटीवर घासून घ्यावा लागतो. पेटीत किती फळे मावतात हे फळाच्या आकारावर अवलंबून असते. म्हणून नुसता पेटीचा भाव सांगणे म्हणजे भाव न सांगण्यासारखेच आहे. डझन किती आणि एका फळाचे अदमासे वजन किती, ही दोन अंगे दिल्यावाचून ते वाक्य पुरे होत नाही.

याच संदर्भात ‘कार्बाइडमुक्त’ या शब्दाचा विचार करणे उचित होईल. कॅल्शियम कार्बाइडच्या वायूने फळे पिकविण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी बंदी आहे. जे कायद्यानेच वर्ज्य आहे ते आपण करीत नाही, एवढेच हा शब्द सांगतो. मग आंबा पिकविला कसा, हे तो सांगत नाही. पेंढ्याच्या अढीत पिकविला, की अनुमती असलेल्या प्रमाणात इथिलीन वायू देऊन, की कच्चाच पाठविला व ग्राहकाने घरी पिकवावयाचा आहे, या तीन गोष्टी भिन्न आहेत. त्यांपैकी कोणतीही लाजिरवाणी नाही. परंतु ग्राहकाला पुढील आठ दिवस काय करावयाचे ते त्यांवरच ठरते. नकारात्मक विशेषण होकारार्थी माहितीची जागा अडवून बसते, त्याचा हा नमुना होय.

३

आता अक्षरांकडे वळू. संकेतस्थळाचे पहिले वाचन मनुष्य करीत नाही, शोधयंत्र करते. आणि त्याने जे वाचलेच नाही ते माणसापर्यंत सहसा पोहोचत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्यापूर्वीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवीत. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसे. अनेक छापखान्यांत दरपत्रके आजही त्याच पद्धतीने जुळविली जातात. असे दरपत्रक संकेतस्थळावर जसेच्या तसे चिकटविता येत नाही, म्हणून त्याचे छायाचित्र लावण्यात येते. परिणामी जो मजकूर सर्वांत अधिक शोधला जावयाचा, म्हणजे जात, आकार, डझन आणि भाव, तोच शोधयंत्राच्या हाती सहजासहजी लागत नाही. दृष्टिहीन ग्राहकाला पान वाचून दाखविणारे साधनही चित्राशी येऊन अडते.

मराठीत मजकूर लिहिल्याने पान जड होते, असा एक समज आढळतो. युनिकोडच्या प्रचलित सांकेतिक पद्धतीत देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात व रोमन अक्षराला एक, हे खरे आहे. ‘हापूस’ या शब्दातील पाच चिन्हांना पंधरा बाइट लागतात. परंतु मोबाइलने काढलेले तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र जेवढी जागा खाते तेवढ्या जागेत सुमारे दहा लाख देवनागरी चिन्हे मावतात. पान जड होते ते न आवरलेल्या चित्रांनी. भाषेवर तो आळ घेण्याचे कारण नाही.

याहून सूक्ष्म अडचण मराठीच्या विभक्तिरचनेतून उद्भवते. मराठी नाम प्रत्यय लागण्यापूर्वी सामान्यरूप धारण करते : आंबा, परंतु आंब्याची, अनेकवचनी आंबे, परंतु आंब्यांना. तयार साच्यांतील वाक्ये मात्र इंग्रजीच्या घडणीवर बेतलेली असतात. त्यांत एक रिकामी जागा असते व तीत वस्तूचे नाव आपोआप येऊन पडते. त्यामुळे ‘हापूस आंबा ची किंमत’, ‘२ पेटी कार्टमध्ये जोडा’ अशी वाक्ये जन्मास येतात. प्रत्यय सुटा पडतो, सामान्यरूप होत नाही, ‘पेट्या’ हे अनेकवचन होत नाही. ‘जोडा’ या क्रियापदाची निवडही अशीच परकी आहे. मराठीत दोन वस्तू एकमेकींना जोडतात. टोपलीत वस्तू टाकतात, ठेवतात, किंवा नुसती घेतात. अशा वाक्यांनी अर्थ कळत नाही असे नाही. परंतु दुकानात कोणी नाही, हे मात्र कळते.

शोधणारा मनुष्य भाषेची सर्व रूपे वापरतो. तो ‘आंबे’ लिहितो, ‘आंब्याची पेटी’ लिहितो, ‘हापुसाचा भाव’ लिहितो. मोठी शोधयंत्रे या रूपांचा मेळ काही प्रमाणात घालतात. संकेतस्थळाच्या आतील साधी शोधपेटी सामान्यतः अक्षराला अक्षर ताडून पाहते. येथे ‘हापूस’ शब्दाचे वर्तन पाहण्यासारखे आहे. लेखननियमांनुसार ‘हापूस’मधील उपान्त्य ऊकार दीर्घ, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : हापुसाचा. म्हणजे दोन्ही लेखने भाषेतच आहेत, आणि केवळ एकावर विसंबून राहणारे पान दुसऱ्यास मुकते. ‘कैऱ्या’ या शब्दाची गोष्ट आणखी निराळी. त्यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती भिन्न चिन्हमालिका ठरतात. लोणच्यासाठी कैऱ्या विकणाऱ्याच्या पानावर एक प्रकार असेल व ग्राहकाच्या कळफलकातून दुसरा उमटत असेल, तर माल असूनही ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येऊ शकते. आणि ‘पायरी’ ही आंब्याची जात नुसती लिहिली तर ती जिन्याचीही असू शकते. शेजारी ‘आंबा’ हा शब्द असावाच लागतो.

या साऱ्यावरचा उपाय शोधशब्दांची यादी पानाच्या तळाशी कोंबणे हा नव्हे. अशा यादीत बहुधा प्रथमेची रूपेच येतात. सरळ, नांदत्या मराठीत लिहिलेले परिच्छेद असले की आंबा, आंबे, आंब्याचा, आंब्यांची ही रूपे आपोआप, आपापल्या जागी येतात. म्हणजे चांगले गद्य आणि सापडण्याजोगे गद्य यांत विरोध नसून मराठीच्या रचनेमुळे ती बहुतांशी एकच ठरतात.

एका लहानशा खुणेचाही उल्लेख केला पाहिजे. प्रत्येक पानाच्या अंतर्भागात त्याची भाषा कोणती हे नोंदविण्याची सोय असते. तयार साच्यात तेथे इंग्रजीची किंवा हिंदीची खूण राहून जाते. मराठीची खूण असली तर, ज्या फॉन्टांत तशी व्यवस्था आहे त्यांत ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात आणि वाचून दाखविणारे साधन मराठी उच्चार योजू शकते. दोन अक्षरांची ही दुरुस्ती करण्यास पैसा लागत नाही. ती करावयाची असते हे ठाऊक असावे लागते.

४

संकेतस्थळाचा पत्ता हाही भाषेचाच भाग आहे, आणि मालकीचा कागदही. १९८३ साली योजिलेली पत्त्यांची पद्धती रोमन अक्षरे, अंक व संयोगरेषा एवढ्यांवर उभी होती. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे देवनागरी अंत्यपद खुले झाले. ते मराठी व कोंकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांसाठी आहे. आत मात्र असा पत्ता एका सांकेतिक रोमन मालिकेत रूपांतरित होतो. देवनागरी हे त्याचे दर्शनी रूप होय. म्हणून येथे ऱ्हस्व-दीर्घाची चूक केवळ शुद्धलेखनाची राहत नाही : ‘हापूस’ व ‘हापुस’ ही दोन वेगळी घरे ठरतात, आणि एक आपले व दुसरे परक्याचे असू शकते. रोमन लेखनातही ‘हापूस’ एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. अडचण तेथेही सुटत नाही. सबब पत्ता निवडताना जातीच्या सर्वसामान्य नावापेक्षा बागेचे, वाडीचे वा घराण्याचे नाव घेणे अधिक श्रेयस्कर. ते कमी लोक चुकीचे लिहितात आणि त्यावर इतर कोणी सहज हक्क सांगत नाही.

पत्ता विकत मिळतो असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तो मुदतीने मिळतो, सामान्यतः एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत, आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. तो कोणाच्या नावे नोंदला आहे, हा प्रश्न कोकणातील मनुष्याला सातबाराच्या भाषेत तत्काळ समजावा. पुष्कळदा संकेतस्थळ बांधून देणारा मनुष्य पत्ता आपल्याच नावे नोंदतो. कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही, पण पुढे मतभेद झाले किंवा त्याने धंदा सोडला, की बागायतदाराच्या हाती काही राहत नाही. पत्त्याची नोंद, सर्व्हरवरील जागेचा करार आणि दोहोंच्या प्रवेशाच्या किल्ल्या या बागायतदाराच्या नावे असाव्यात. बांधणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा.

सर्व्हरवरील जागेचे भाडे वर्षभराचे असते, हंगाम मात्र दोन-अडीच महिन्यांचा. त्यामुळे पावसाळ्यात भाडे थकते, स्थळ बंद पडते, आणि चैत्रात गेल्या वर्षीचा ग्राहक येतो तेव्हा तेथे फाटकच नसते. हा खर्च टाळण्यासाठी फुकटच्या जागेकडे वळण्याचा मोह होतो. त्या जागांचा इतिहास बोधप्रद आहे. जिओसिटीज या स्थळावर लक्षावधी लोकांनी पाने मांडली होती. ते ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. गूगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर लहान व्यावसायिकांना फुकट मिळणारी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली व ज्यांची सारी प्रसिद्धी तेथे होती त्यांची ती एका दिवसात नाहीशी झाली. या तिन्ही घटनांची कारणे भिन्न आहेत. परंतु दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणाऱ्याची स्थिती तिन्हींत सारखीच होती. शेतजमिनीच्या कुळाला १९४८ च्या कायद्याने संरक्षण दिले. या जमिनीवरील कुळाला तसा कायदा नाही. म्हणून फुकटच्या स्थळांवर पाटी अवश्य लावावी; घर मात्र आपल्या पत्त्यावर असावे आणि तेथील मजकुराची एक प्रत घरच्या संगणकात असावी.

स्थळ सुरक्षित जोडणीवर ठेवणे हीदेखील वाचनाशी निगडित बाब आहे. जुलै २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर सुरक्षित जोडणी नसलेल्या प्रत्येक पानाच्या पत्त्यापाशी ते असुरक्षित असल्याची सूचना दाखवू लागला. यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ पासून विनामूल्य मिळू शकते. ज्याने ते घेतले नाही त्याच्या संकेतस्थळावरील पहिले वाक्य ब्राउझरने लिहिलेले असते, आणि ते त्याच्या विरुद्ध असते.

५

प्रसिद्धीच्या बाबतीत शब्दांच्या पडताळणीचा मुद्दा पुन्हा समोर येतो. शोधयंत्रावरील जाहिरात शब्दागणिक लिलावाने ठरते. ‘हापूस आंबा’ या शब्दावर मोठे व्यापारी बोली लावतात; तेथे दोन-चार एकरांच्या बागायतदाराने त्यांच्याशी स्पर्धा करणे शहाणपणाचे नाही. परंतु गाव, जात, डझन आणि ग्राहकाचे शहर ही चार पदे एकत्र आली की शोध नेमका होतो, स्पर्धा ओसरते आणि येणारा मनुष्य घेण्याच्या इराद्याने आलेला असतो. नेमकेपणा येथेही लाभदायक ठरतो.

मोबाइलवरील साध्या संदेशाचे व्याकरण त्याहून काटेकोर आहे. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरीत ७० चिन्हे. सत्तर चिन्हांत ‘सर्वोत्तम दर्जा’ आणि ‘ग्राहकांचे समाधान’ यांना जागा देणे परवडत नाही. ‘पहिली तोड ४ एप्रिल. ५ डझन पेटी. पुण्यात ६ तारखेस.’ एवढ्यात सारे येते, आणि ते सर्व पडताळता येते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हा आंब्याचा हंगाम तोंडावर होता. बाजारपेठेचे नेहमीचे मार्ग विस्कळीत झाले आणि मुंबई-पुण्यातील गृहसंकुलांना थेट पेट्या पाठविण्याचा मार्ग पुष्कळांनी अवलंबिला. त्या व्यवहाराची भाषा फोनवरच्या अशाच छोट्या संदेशांची होती : गाडी केव्हा निघते, किती डझन, पैसे कोठे पाठवावे. सजावटीला तेथे वावच नव्हता.

प्रसिद्धीचे दुसरे साधन काळ हे आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. संकेतस्थळ फक्त एप्रिलमध्ये बोलते. वास्तविक बाग वर्षभर बोलत असते. मोहोर कधी आला, किती आला, अवेळी पावसाने वा तुडतुड्याने किती गेला, फळगळ किती झाली, यंदा पहिली तोड लवकर की उशिरा, याच्या दोन-दोन ओळी तारखेसह लिहिल्या तर हंगामाच्या वेळी त्या पानाला असा एक भूतकाळ असतो, जो तोतयाला एका रात्रीत उभा करता येत नाही. भाव वाढला तर त्याचे कारण आधीच नोंदलेले असते. ग्राहकांच्या अभिप्रायांचेही हेच. ‘खूप छान आंबे’ असे पन्नास अभिप्राय एकमेकांसारखे असतात. ‘तीन फळांत साका निघाला, पुढच्या पेटीत भरून दिली’ हा एक अभिप्राय त्या पन्नासांपेक्षा अधिक सांगतो. पण तोच गाळण्याकडे कल असतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे स्वेच्छेने पाळावयाचे मानक काढले, यावरून खोट्या अभिप्रायांचा प्रश्न किती व्यापक झाला आहे याची कल्पना यावी.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अढी, साका, चौदा आणे हे शब्द तोतयाही उचलील. मग भेद कसा राहणार? आक्षेप रास्त आहे. शब्द हा पुरावा नव्हे. परंतु मोघम विशेषण उचलल्याने तोतयावर कोणतेही बंधन येत नाही, नेमके विधान उचलल्याने येते. गाव, तोडीची तारीख, पिकविण्याची रीत, साका निघाल्यास भरपाई, हे लिहिणारा प्रत्येक पेटीगणिक खोटा पडू शकतो. आणि २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक-नियमांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता, एकूण किंमत व परतीच्या अटी स्पष्टपणे दाखविणे आवश्यक केल्यामुळे त्याला गाठणेही शक्य असते. खोटे बोलणे थांबत नाही. ते महाग होते. प्रामाणिक विक्रेत्याला भाषेकडून याहून अधिक मदतीची अपेक्षा करता येणार नाही, पण एवढी मदत नाकारण्याचेही कारण नाही.

दुसरा आक्षेप भाषेच्या निवडीचा आहे. मुंबईतील, बंगळुरातील किंवा परदेशातील ग्राहक इंग्रजीत शोधतो. मग मराठीचा आग्रह भावनिक ठरत नाही काय? इंग्रजी पान अवश्य असावे. प्रश्न कोणते पान आधी लिहावयाचे हा आहे. बागायतदाराचे ज्ञान मराठीत आहे. ते मराठीत नेमकेपणाने मांडून मग इंग्रजीत नेले तर ‘साका’ म्हणजे काय हे इंग्रजी वाचकालाही समजावून सांगावे लागते व ते पान सामान्य इंग्रजी पानांहून सरस ठरते. उलट, इंग्रजी साच्यावरून मराठी पान केले की दोन्ही भाषांत काहीच न सांगणारी दोन पाने तयार होतात.

बागायतदार हा लेखक नाही, ही सबब मात्र टिकणारी नाही. गिऱ्हाईकाने फोनवर ‘आंबा कधीचा आहे?’ असे विचारले की तो अडखळत नाही. ‘काल सकाळचा आहे, चार दिवस पेंढ्यात ठेवा, वास सुटला की खा, फ्रिजमध्ये घालू नका,’ असे तो एका दमात सांगतो. या उत्तरात काळ आहे, रीत आहे, सूचना आहे आणि बोलणाऱ्याची जबाबदारी आहे. चांगल्या संकेतस्थळाला लागणारे सारे गद्य त्यात आलेले आहे. ते पानावर उतरविताना त्याच्या जागी ‘कटिबद्ध आहोत’ येते, कारण लिहावयाचे म्हणजे निराळ्या कोणाच्या तरी आवाजात लिहावयाचे, अशी समजूत शाळेपासून दृढ झालेली असते. तिचे मोल बागायतदार चुकवितो. साच्याच्या भाषेत तो आणि तोतया शेजारी-शेजारी उभे राहतात, आणि ग्राहक दोघांतील स्वस्त आंबा निवडतो.